मोजे घाल, मग हात धर

माझ्या रक्तात ब प्रकारची कावीळ आहे. पहिल्या ओळीतच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला हा कागद लांब ठेवायचा असेल त्याने आत्ताच ठेवावा. कागदाला हात लावून ती होत नाही. एका ताटात जेवून होत नाही, शेजारी बसून होत नाही. रक्तातून होते, नवराबायकोच्या संबंधातूनही होते. एवढी साधी गोष्ट मला कळायला माझी बायको जावी लागली आणि परक्याची एक पोर टांगणीला लागावी लागली.

माझी शाळा सातवीत सुटली. कुपवाडला एमआयडीसीत, फौंड्रीत, भट्टीपुढं उभं राहून आयुष्य गेलं. आता साताऱ्यात मुलाकडे, संजयकडे असतो. सांगलीच्या ज्या दवाखान्यात बरा झालो तिथल्या कॉलेजात पोरापोरींपुढे बोललो, तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, "तात्या, हे लिहून द्या. ज्याला नुकतंच कळलंय त्याला उपयोग हुईल." म्हणून लिहितो. गोड लिहिता येत नाही.

शांता

आधी तिचंच लिहितो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

शांताचे डोळे पिवळे झाले तेव्हा आम्ही काविळीची माळ आणली. आमच्या भागात ही रीत आहे. झाडाच्या काड्यांची बारकी माळ डोक्यावर ठेवतात. ती आपोआप वाढत जाते, कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर. माळ खाली आली की कावीळ उतरली. शांताची माळ बेंबीपर्यंत आली. ती हसून म्हणाली, "बघा, उतरली."

माळ उतरली. कावीळ होती तिथंच होती. पोट फुगायला लागलं तेव्हा सांगलीला नेलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं की फार उशीर झाला.

शेवटचे दिवस मी तिच्या खाटेजवळ होतो. सिस्टरांनी तिला उठवायचं, पुसायचं, सुई लावायची, सगळं रबराचे मोजे घालून. पाहुणे आले ते दारातूनच बघून गेले. एकदा तिने मला हळूच विचारलं, "आवं, ह्या सगळ्यास्नी माझा विटाळ हुतोय का?"

आता हा शब्द आमच्या घरात काय आहे ते सांगतो. माझ्या वडिलांचा कप हॉटेलाच्या बाहेर भिंतीतल्या कोनाड्यात असायचा. स्वतः धुवायचा, स्वतः ठेवायचा. चहा वरून ओतायचे, शिंतोडासुद्धा उडू नये असा. पुढं वडिलांनी धम्म घेतला आणि तो कप तिथंच फोडून घरी आले. तेव्हापासून हा शब्द आमच्या घरात कुणी काढला नव्हता. तो शांताने मरताना काढला. मी तिच्या अंगावरची चादर नीट केली. दोन दिवसांनी ती गेली.

माझी पाळी

डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासा. संजयने तपासलं, सूनबाईने तपासलं, दोघं साफ निघाली. लगेच लसीही घेतल्या. नातवांना बाळपणीच दिलेल्या होत्या. मी गेलो नाही. खरं सांगायचं तर मला काही तपासायचं नव्हतं. ज्याला कुठं जायचंच नाही तो गाडीची वेळ कशाला विचारेल?

मग पॅन्टचं बटन लागेना. पाय सुजले. अन्न समोर आलं की मळमळायचं. सूनबाई म्हणाली, "मामा, आरशात डोळं बघा." आरशात शांताचे डोळे होते.

संजयने काही विचारलं नाही. गाडीत घातलं आणि त्याच दवाखान्यात नेलं. त्याच जिन्याने वर चढवलं.

डॉक्टर म्हणाले, तीच कावीळ. लिव्हरला मार बसलाय. संजय खिडकीकडे तोंड करून रडायला लागला. आई गेली तेव्हाही तो माझ्यासमोर रडला नव्हता. मी डॉक्टरांना विचारलं, "किती दिस?"

"ते तुमच्यावर आहे. रोज गोळी घेतलीत, मीठ सोडलंत तर बरेच."

"आन मग शांताला का न्हाई दिली गोळी?"

"दिली होती, तात्या. गोळीला काम करायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्यांच्याकडं उरला नव्हता."

मला कुणाला तरी शिव्या द्यायच्या होत्या. त्या डॉक्टरला देता येईनात, इतकं तो खरं बोलला. तिच्याकडून मला आली की माझ्याकडून तिला, की कुठल्या वस्तऱ्यावरनं, कुठल्या सुईवरनं, ते कळायला मार्ग नाही. तो हिशोब मी सोडून दिला. तुम्हीही सोडा. नवराबायकोत त्या हिशोबाने भांडण तेवढं मिळतं.

वॉर्ड

सकाळी वजन. मग टेप घेऊन पोटाचा घेर मोजायचा. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "शर्ट शिवताय का काय?" तर जाधव सिस्टर म्हणाल्या, "न्हाई तात्या, उसवतोय." जाधव सिस्टर म्हणजे त्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर. जाडजूड बाई, चाल फौजदाराची. शांताच्या वेळीही त्याच होत्या.

मीठ बंद. बिनमिठाची भाजी म्हणजे काय हे खाल्ल्याशिवाय कळत नाही. लिंबू पिळा म्हणाले. मी लिंबू एवढं पिळायचो की शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे दात आंबायचे.

त्या शेजाऱ्याची बायको चांगली होती. मला काय झालंय ते कळल्यावर तिने आपला पाण्याचा तांब्या हळूच पलीकडच्या बाजूला नेला. माझा चहाचा कप कुणीतरी खिडकीत वेगळा ठेवला. वाईट कुणीच वागलं नाही. पण मला कोनाडा दिसला.

आणि मग मोजे. वॉर्डात बाकीच्यांनाही मोजे घालूनच सुया लावतात, हे मला दिसत नव्हतं. मला फक्त माझ्या खाटेजवळचे मोजे दिसायचे. माणूस दुखावला की त्याची नजर चोर होते, हवं तेवढंच उचलते.

ऋतुजा

नर्सिंगच्या पोरी शिकायला यायच्या. त्यातली एक ऋतुजा, कोयनानगरची. तिचे वडील तिथं वीजघरात कामाला. पोर बारकी, पण हात स्थिर. मी एकदा म्हणालो, "तुझा हात हालत न्हाई गं." तर म्हणते कशी, "आजोबा, आमच्याकडं जमीन हालती. हात हालून कसं चालंल?" भूकंपाच्या गावची पोर.

ती माझ्याशी बोलायची. शांताचं विचारायची. माझी नात असती तर एवढीच असती असं वाटायचं.

एक दिवस रक्त काढायला आली. ट्रे ठेवला, मोजे चढवले. त्या दिवशी शांताला जाऊन वर्ष होत होतं. मी घरी नव्हतो, तिच्या फोटोला फूल घालता आलं नव्हतं. मोज्यांचा तो फटकन् आवाज झाला आणि माझं टाळकं सटकलं.

"घाल, घाल. दोन दोन घाल. आमच्या बापाला वरनं च्या वतायचे, तुमी रबरातनं हात लावा. लय शिकला तुमी."

पोरीचं तोंड उतरलं. म्हणाली, "आजोबा, तसं न्हाई हो."

"मग कसं? माझी बायको मेली ह्याच वॉर्डात. मरताना इचारत हुती, माझा विटाळ हुतोय का म्हणून. सांग, काय सांगू तिला?"

ऋतुजाने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले. आणि तिने मोजे काढले. दोन्ही. ट्रेमध्ये टाकले आणि उघड्या हाताने माझा हात धरला.

"घ्या. काढले. आता तर झालं?"

खोटं सांगत नाही, मला लय बरं वाटलं. त्या वेळी वाटलं, ही खरी माणूस.

तिने पटकन रक्त काढलं. पटकन, कारण जाधव सिस्टर पलीकडच्या टोकाला होत्या आणि मोज्यांशिवाय दिसलं असतं तर ओरडल्या असत्या. एक नियम मोडला की दुसरा आपोआप मोडतो. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालायचं नसतं, सरळ सुयांच्या डब्यात टाकायची असते. डबा तिने जवळ आणलाच नव्हता. म्हणून तिने घाईत टोपण घातलं. सुई टोपणाच्या बाजूने निसटली आणि तिच्या बोटात गेली.

रक्ताचा एक थेंब आला. मोहरीएवढा.

ती पांढरी पडली. मी म्हणालो, "काय गं, टोचली?"

"काय न्हाई आजोबा." मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "सिस्टरांना सांगू नका. मोजे काढलेले कळलं तर मला वॉर्डातनं काढतील. पाया पडते तुमच्या."

मी बोंब मारली

मला वैद्यकातलं काही कळत नाही. पण माझं रक्त तिच्या बोटात गेलं एवढं कळलं. आणि त्या रक्ताने काय होतं ते मी माझ्या घरात बघितलं होतं. पिवळे डोळे, फुगलेलं पोट, बेंबीवर आलेली माळ. एका क्षणात सगळं त्या पोरीच्या अंगावर दिसलं.

मी खाटेवर उठून बसलो आणि भट्टीवर हाळी द्यायचो तसा ओरडलो, "सिस्टर! पळा! पोरीला माझी सुई टोचली!"

सगळा वॉर्ड उठून बसला. ऋतुजा माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी विसरणार नाही. "आजोबा, तुमी मला फसवलं," एवढंच म्हणाली.

जाधव सिस्टर आल्या. रागावल्या नाहीत, हे मला नवल वाटलं. तिचं मनगट धरून नळाखाली नेलं. साबणाने बोट धुतलं. "पिळू नको, नुसतं धू." मग विचारलं, "लशी किती झाल्या?"

"दोन."

"तिसरी?"

"राहिली. तेव्हा सुट्टी होती, गावी गेले होते. मग परीक्षा आली."

पहिल्या दोन लशी एका महिन्याच्या अंतराने होतात, तिसरी सहाव्या महिन्यात. तोवर पोरं विसरतात. दुसऱ्याच्या दंडात सुया घालायला शिकणारी पोरं स्वतःच्या दंडातली एक सुई विसरतात.

त्याच दिवशी तिला राहिलेली लस दिली आणि आयतं बळ देणारं वेगळं इंजेक्शनही दिलं. डॉक्टर म्हणाले, लगेच कळलं म्हणून देता आलं. हे जितकं लवकर तितकं चांगलं. पण खात्री पुढच्या तपासण्यांनंतरच, आणि शेवटची सहा महिन्यांनी.

फौंड्रीचे मोजे

रात्री जेवण गेलं नाही. सकाळी जाधव सिस्टर माझ्या सलाईनच्या सुईवरची पट्टी बदलायला आल्या. मी म्हणालो, "सिस्टर, मला शिव्या द्या."

"शिव्या कशाला? एक सांगा. भट्टीवर तुमी उघड्या हातानं काम केलं कवा?"

"येड लागलंय का? कोपरापातूर चामड्याचं मोजं असायचं."

"मग काय लोखंडाचा विटाळ व्हायचा तुमास्नी?"

मी माझ्या हातांकडे बघितलं.

"मोजे काम करायला घालतात, तात्या. काम न करणाऱ्याला लागत न्हाईत." पट्टी चिकटवता चिकटवता त्या म्हणाल्या, "आन सगळ्यांना घालतो. आमदार आला तरी घालतो. कुणाच्या रक्तात काय हाय ते कपाळावर लिहिलेलं नसतं. मोज्यानं सुई अडत न्हाई, खरं हाय. पण मोजे, डबा, लस, सगळं असलं की माणूस वाचतं. तिनं तुमच्या प्रेमापोटी एक काढलं, मग सगळंच गेलं."

जाता जाता वळल्या. "शांताबाईंना मी रोज दोन वेळा पुसलंय. मोजे घालून. तुमचे पाव्हणे दारात उभे होते ना, त्यांच्या हातात मोजे न्हवते."

त्या गेल्यावर मी खिडकीकडे तोंड केलं. संजयसारखं.

वडील

तिसऱ्या दिवशी ऋतुजाचे वडील कोयनेहून आले. घाटातनं एस.टी.ने आले होते, चेहरा उतरलेला. धिप्पाड माणूस. वॉर्डात शिरून "तात्या कोण?" म्हणून विचारलं. मी मनाची तयारी केली. मारलं तर मारू दे.

ते स्टुलावर बसले. पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "आमच्या वसाहतीत भूकंपानं भांडी वाजली की माणसं आदी भाईर येत्यात, मग इचारत्यात काय झालं. घरात बसून जो इचार करतो तो जातो. पोरगी ही रीत विसरली. तुमी तिला भाईर काढलं."

मी म्हणालो, "माझ्यामुळंच झालं की ते."

"व्हय, झालं. मला राग हाय त्याचा. पण तुमी गप बसला असता तर आज मी इथं बसलो नसतो, कवातरी रडत बसलो असतो." आणि पिशवीतून दोन मोसंब्या काढून माझ्या उशाशी ठेवल्या. माणूस रागातही मोसंबी देतो, हे मी त्या दिवशी बघितलं.

वाट बघणं

मी घरी आलो. पोटातलं पाणी उतरत गेलं. जुनी पॅन्ट आधी बसली, मग सैल झाली, मग दोरी बांधायची वेळ आली. बिनमिठाची सवय झाली. रोज सकाळी गोळी. ती जन्माची आहे, आणि बरं वाटायला लागलं म्हणून सोडायची नाही. हे मोठ्या अक्षरात वाचा. बरं वाटतं ते गोळीने वाटतं.

लोकांनी जरा लांब ठेवलं. भावकीतल्या एका लग्नात माझं ताट वेगळं मांडलं. मी उठून पंगतीच्या मधोमध जाऊन बसलो आणि म्हणालो, "ही जेवणातनं पसरत न्हाई. मला डॉक्टरानं सांगितलंय, तुमाला कुणी सांगितलं?" मग शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने माझ्याच ताटातली भजी उचलून खाल्ली. "बघू मरतो का," म्हणाला. अजून जिवंत आहे, आणि भजीही अजून तशीच उचलतो.

पण रोज मनात ती पोर. माझी तब्येत सुधारायची तसा मला जास्त त्रास व्हायचा. शेतात उसाची लागण झाली होती तेव्हा तिला सुई टोचली होती. ऊस गुडघ्याला आला, छातीला आला, डोक्यावर गेला. तिचा फोन नाही. मी लावायचो तर उचलायची नाही.

मग एका दुपारी संजयच्या फोनवर आवाज आला, "आजोबांना द्या."

मी फोन कानाला लावला.

"आजोबा, साफ हाय! कावीळ न्हाई. आन लशीची ताकदबी रक्तात आलीया, तीबी तपासली."

मी तिथंच फरशीवर बसलो. संजय घाबरून पळत आला. मी म्हणालो, "पेढं आण. जा. त्यात मीठ नसतंय, मीबी खातो."

तिला म्हणालो, "तू माझ्यावर रागावली हुतीस."

"हुते की. लय. आता न्हाई."

मोठा हॉल

पुढच्या तपासणीला सांगलीला गेलो तर जाधव सिस्टर जिन्यातच उभ्या. "तात्या, चला, पोरं बसलीत." मला वाटलं चारसहा असतील. हॉल भरलेला. नर्सिंगची, लॅबची, डॉक्टर होणारी, सगळी. मला खुर्ची दिली. मी उभा राहिलो.

ऋतुजाने आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगितली. मोजे काढले ते, टोपण घातलं ते, लपवणार होते तेसुद्धा. मान खाली न घालता. मग माझ्याकडे बघितलं.

मी विचारलं, "लशीच्या तिन्ही सुया झालेल्यांनी हात वर करा." बरेच हात वर आले. पण बरेच आले नाहीत.

पुढच्या ओळीतला एक पोरगा म्हणाला, "आजोबा, आम्हाला सुईची भीती वाटते."

"आन दुसऱ्याला टोचताना न्हाई वाटत?"

हॉल हसला. तो पोरगासुद्धा.

मी म्हणालो, "माझ्यासारखं म्हातारं एखादं तुमाला म्हणंल, मोजे काढ, माझा अपमान हुतोय. तवा काढू नका. त्याच्याशी बोला. त्याचं ऐका. त्याच्याजवळ बसा. पण मोजे घालून बसा. आन टोचलंच तर लपवू नका, माझ्यावानी बोंब मारा."

खाली लसीची सोय केली होती. जिन्यापर्यंत रांग लागली. तो सुईला भिणारा पोरगा पहिला. डोळे गच्च मिटून, दंड पुढे करून. मी दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो आणि फौंड्रीत पाळी संपली की वाटायचं तसं वाटत होतं. घाम निथळलाय आणि माल साच्यातनं बरोबर निघालाय.

मग माझं रक्त काढायला ऋतुजा आली. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. डबा जवळ ओढला. मोजे हातात घेऊन थांबली आणि माझ्याकडे बघून हसली.

"घालू का आजोबा?"

"घाल की. दोन्ही घाल."

सुई आत गेली ते कळलंसुद्धा नाही. सुई टोपणाशिवाय सरळ डब्यात पडली. कापूस दाबून तिने माझा हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला. आठवड्याने निकाल आला, तो विषाणू रक्तात आता सापडतसुद्धा नाही, गोळीने दाबून टाकलाय. पण मला त्या वेळी निकालाचं भान नव्हतं. मला दुसरंच कळलं होतं.

रबरातनंसुद्धा हाताची ऊब लागते.

शांतालाही लागली असेल.